काका, तुमचा फोल्डर उतरत नाही

काका,

तुमचा फोल्डर पूर्ण उतरला नाही. आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही सवयीप्रमाणे मध्येच तोडाल, "दिग्या, रामायण नको, काम झालां की नाय तां सांग." नाही झालं. तीनशे बारा फाइलींपैकी दोनशे एकाहत्तर माझ्याकडे आल्या. एक्केचाळीस राहिल्या.

राग कोणावर काढायचा तेही कळत नाही. मशीन बिघडलं तर निदान त्याला लाथ तरी घालता येते. हे जे काही आहे ते कुठे ठेवलेलं आहे, कोणाच्या गोदामात, कोणत्या देशात, काही पत्ता नाही. तुम्ही त्याला ढग म्हणायचात. मला तुमचा हा ढग कधीच पटला नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे.

आपली भांडणं त्यावरूनच. मी म्हणायचो, काका, पेनड्राइव्हमध्ये घालून द्या, खिशात राहील, हाताला लागेल. तुम्ही म्हणायचात, पेनड्राइव्ह तू धुवायला टाकशील. एकदा पँटीबरोबर खरंच धुतला होता म्हणून माझं तोंड बंद. "ढगात ठेवलेलं हरवत नाय रे मेल्या. तू हरवलास तरी तां रव्हतला." तुमचं म्हणणं अर्धं बरोबर निघालं. हरवलं नाही. पण मला मिळतही नाही. ह्यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते ऐकायचं होतं. भांडण अर्ध्यावर टाकून गेलात.

आपली ओळख कशी झाली ते मी कोणाला सांगितलेलं नाही. आज सांगतो. साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात प्लॅस्टिकच्या झाकणांचे, डब्यांचे साचे बनतात. तुम्ही भांडुपला घरी बसून कॉम्प्युटरवर त्यांची ड्रॉइंगं काढायचात आणि गाळ्यात आणून द्यायचात. मी मिलिंग मशीनवर, ड्रॉइंग बघून लोखंड कापायला. गाळ्याच्या दारावर पाटी लागली होती की ड्रॉइंग वाचणारा मिलिंगवाला पाहिजे. मी वाचता येतं म्हणालो आणि आत शिरलो. आकडे मला वाचता येत होते, रेघा कळत होत्या. कोपऱ्यात बारीक इंग्रजीत जे लिहिलेलं असतं, ते नाही. किनवटच्या पलीकडचं आमचं गाव. आठवीच्या सहामाहीनंतर मी परत शाळेत गेलो नाही, आणि आठवीपर्यंतही इंग्रजीचे सर वर्षातून चार महिने यायचे.

मग मी शेजारच्या मशीनवरच्या माणसाला म्हणायचो, चष्मा विसरलो, जरा वाच ना. मला चष्मा कधीच नव्हता. तुम्ही एका शुक्रवारी मागे उभे होतात. विचारलंत, "नंबर काय रे तुझा?" मी म्हणालो, दोन. "प्लस की मायनस?" मी म्हणालो, दोन्ही.

तुम्ही हसला नाहीत. कोणाला काही बोलला नाहीत. पुढच्या मंगळवारी ड्रॉइंग दिलंत आणि माझ्या मोबाइलवर तुमचा आवाज आला. "दिग्या, ड्रॉइंग बघ. डाव्या कोपऱ्यात चार भोकं. बाजूला जे लिहिलंय त्याचा अर्थ आरपार. आरपार म्हणजे आरपार, घाबरू नको. खालच्या ओळीत लिहिलंय की सगळ्या धारदार कडा मोडून घ्यायच्या. कळला मां?"

त्या दिवसापासून प्रत्येक ड्रॉइंगमागे एक आवाज. कानात वायर घालून मी काम करायचो. लोकांना वाटायचं दिगंबर गाणी ऐकतो. गावाकडे आई सगळ्यांना सांगते, माझा पोरगा मुंबईत मशीनचे नकाशे वाचतो. वाचत तुम्ही होतात, काका. मी ऐकत होतो. हे शेठच्या लक्षात आलं तर मशीन जाईल, परत पत्रे उचलायला लागेन, ही भीती मला इतकी वर्षं होती.

आवाज वाढत गेले तसा माझा मोबाइल भरला. मग तुम्ही फोल्डर केलात. भांडुपच्या ज्या इन्स्टिट्यूटमध्ये तुम्ही शनिवारी ड्रॉइंग शिकवायचात, त्यांनी दिलेल्या खात्यात जागा भरपूर होती. सगळे आवाज आणि त्यांची ड्रॉइंगं तिथे टाकलीत, मला लिंक पाठवलीत. मी बटण दाबलं, फोल्डर माझ्या मोबाइलच्या पडद्यावर आला. मला वाटलं, आला, आणि मोबाइलमधले जुने आवाज पुसून टाकले. कोपऱ्यात एक बारका बाण होता. बाणाकडे कोण बघतं?

तो बाण मला नडला. तुमच्या तेराव्याला अनघाताईंनी मला बाजूला घेतलं. तुमची मुलगी म्हणून त्यांच्याकडे इन्स्टिट्यूटची मेल आली होती, सरांचं खातं बंद करायचं आहे, काही हवं असेल तर काढून घ्या. ताई म्हणाल्या, "दिगंबर, बाबांनी तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय ना त्यात? तुझं झालं का घेऊन?" आणि मी छाती फुगवून म्हणालो, सगळं माझ्या मोबाइलमध्ये आहे ताई, खुशाल बंद करा. त्यांनी माझ्यासमोर उत्तर लिहिलं. महिनाअखेरीला बंद केलं तरी चालेल.

चार दिवसांनी गाळ्यातलं वायफाय गेलं. मी तुमचा आवाज लावायला गेलो. गोल फिरत राहिलं. फाइलींची नावं दिसत होती, आत काही नव्हतं. नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पळालो. दुकानदाराने मोबाइल हातात घेतला आणि म्हणाला, "दादा, हा बाण दिसतो? हा नुसता रस्ता आहे. फोल्डर तिकडेच आहे, ज्याचा आहे त्याच्याकडे."

ज्याचा आहे त्याच्याकडे.

मग सुरू झालं. मोबाइलवरून आख्खा फोल्डर उतरत नाही, एकेक फाइल उतरते. आख्खा हवा तर कॉम्प्युटर पाहिजे. गाळ्यातला कॉम्प्युटर शेठच्या केबिनमध्ये. तिथे तुमचा आवाज लागला असता तर संपलंच. म्हणून दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत परत झेरॉक्सवाल्याकडे. त्याच्या मशीनवर माझं खातं उघडायला गेलो, तर हे मशीन ओळखीचं नाही, मोबाइलवर आकडा पाठवलाय. आकडा टाकला. पासवर्ड चुकीचा. पासवर्ड तुम्हीच ठेवला होतात, माझ्या आईचं नाव आणि पुढे काहीतरी. तीन वेळा चुकल्यावर म्हणे थोड्या वेळाने या. मला जेवायला अर्धा तास असतो. कॉम्प्युटरला थोडा वेळ म्हणजे किती, हे त्याला कोणी विचारायचं?

तिसऱ्या दिवशी उघडलं. डाउनलोड दाबलं. फाइली बांधून एक गठ्ठा होतोय असं आलं. दुकानदार म्हणाला, झिप होतंय, थांबा. थांबलो. गठ्ठ्याचे तीन तुकडे झाले. पहिला उतरला. दुसरा शेवटच्या बोटभर पट्टीपर्यंत आला आणि नेटवर्कची चूक. परत दाबलं तर तिथून पुढे नाही, पहिल्यापासून. पाट्यावर वाटलेलं वाटण सांडावं आणि कोणीतरी म्हणावं, परत नारळ फोड. दुकानदाराचं गिऱ्हाईक मागे आधार कार्ड घेऊन उभं होतं. एक बाई मला म्हणाली, भाऊ, सिनेमा घरी बघा ना.

जो पहिला तुकडा आला तो उघडला, तर तुम्ही मराठीत दिलेली नावं सगळी चौकोन आणि प्रश्नचिन्हं झालेली. कोणता आवाज कोणत्या ड्रॉइंगचा, काही कळेना. तुम्ही किती प्रेमाने नावं ठेवली होतीत. "कोपऱ्यातली गोलाई, घाई करू नये". "हे दिग्याला येतं, तरी परत". त्या मशीनला मराठी येत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, चला, माझ्यासारखं आणखी कोणीतरी आहे.

पाचव्या दिवशी मी ताईंना फोन केला. खरं सांगायची लाज वाटत होती. सांगितलं की मी चुकलो, काही माझ्याकडे नाही. ताई म्हणाल्या, "वाट लावलीस. रविवारी मुलुंडला ये. जेवायलाच ये." मधल्या दोन दिवसांत त्यांनी इन्स्टिट्यूटला दोन मेल टाकल्या, आठ दिवस वाढवून द्या म्हणून. उत्तर आलं की आपल्या विनंतीची नोंद घेण्यात आली आहे. नोंद घेऊन त्यांनी काय केलं ते पुढे कळलंच.

रविवार म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस. मी सकाळी नऊला ताईंच्या दारात. त्यांनी तुमचा मोबाइल आणि लॅपटॉप टेबलावर मांडून ठेवला होता. तुमच्या खात्यातून सरळ गठ्ठा उतरवला. ह्या वेळी पूर्ण झालं, टिणकन् वाजलं, मी हात जोडले. उघडलं तर आत ड्रॉइंगं सगळी होती, आवाज बहुतेक नव्हते. सोबत एक चिठ्ठी, काही फाइली समाविष्ट करता आल्या नाहीत. का नाही, ते नाही. ताईंनी लॅपटॉप अशा काही आवाजात मिटला की आतून त्यांचे मिस्टर विचारायला आले.

मग ताई म्हणाल्या, एकेक. तू वरून, मी खालून. मी मोबाइलवर पहिल्या फाइलीपासून, त्या लॅपटॉपवर शेवटच्या फाइलीपासून. मध्ये कुठेतरी भेटू. फाइल उतरवायची, उघडून बघायची की आवाज आला का, वहीत नाव लिहायचं, पुढची. तुम्ही तिथे असतात तर हसला असतात. सरळ रेघ काढायला दोन बाजूंनी दोन माणसं.

उघडून बघायची म्हणजे ऐकायलाच लागायचं. ताई खालून चालल्या होत्या, म्हणजे तुमचे शेवटचे महिने त्यांच्या वाट्याला. त्यात तुम्ही मध्ये मध्ये दम खायला थांबता. पाच-सहा फाइली झाल्यावर त्यांनी हात थांबवला.

"बाबा तुझ्याशी मालवणी बोलायचे?"

मी म्हणालो, अधूनमधून. रागावले की.

"माझ्याशी कधीच नाही. म्हणायचे, तुझं इंग्रजी बिघडेल." मग लॅपटॉपकडे बघतच म्हणाल्या, "तुला तीनशे बारा आवाज. मला रोज सकाळी फुलाचा एक फोटो."

मी त्यांचं काही चोरलंय असं वाटलं. बोललोही तसं काहीतरी, अर्धवट. त्या म्हणाल्या, गप रे, उतरव.

पुढच्या एका फाइलीत शेवटी तुम्ही विचारलंत, फॉर्म भरलास? त्याच्या आधीच्या फाइलीतही तेच. ताईंनी विचारलं, कसला फॉर्म? मी सांगितलं, सतरा नंबरचा, बाहेरून दहावीला बसायचा. काका चार वर्षं मागे लागले होते. "मग? का नाही भरलास?"

तुम्हाला जे उत्तर द्यायचो तेच तोंडात आलं होतं. काका, तुम्ही आहात ना, मग दहावी कशाला? हे मी म्हटलं की तुम्ही दर वेळी गप्प व्हायचात. मला वाटायचं, जिंकलो. तुमच्या गप्प होण्याचा अर्थ मला मुलुंडला त्या टेबलावर लागला, आणि मी पुढची फाइल दाबली.

दुपारी जेवलो तेव्हा दोघांचे मिळून दीडशे झाले होते. ताईंच्या हातची सोलकढी अगदी तुमच्या डब्यातल्यासारखी. तुम्ही तुमच्या डब्यातलं मला जबरदस्तीने द्यायचात आणि मी संकोचाने अर्धी वाटी ठेवायचो. ती तरी पूर्ण प्यायला हवी होती.

जेवून आम्ही वेग घेतला. ऐकायचं कमी केलं, पहिला शब्द आला की पुढची. दिग्या. दिग्या. दिग्या. दुपारभर तुम्ही मला हाका मारत होतात आणि मी दर वेळी तुमचं बोलणं तोडत होतो. आम्हाला वाटलं होतं दिवस संपेपर्यंत वेळ आहे. साडेचारला दोनशे एकाहत्तर झाल्या, त्यात त्या दिवशीच्या, आणि त्या आठवड्यात गाळ्यातलं वायफाय परत आल्यावर मी चोरून उतरवलेल्या थोड्या. ताई चहा टाकायला उठल्या. मी पुढची फाइल दाबली आणि पडद्यावर आलं की तुम्हाला परवानगी नाही.

मला वाटलं माझंच काही चुकलं. परत दाबलं. तेच. ताईंच्या लॅपटॉपवर तुमचं खातंच उघडेना. कोणीतरी रविवारी दुपारी ऑफिसात बसून, महिनाअखेर म्हणून, वेळेवर आपलं काम केलं होतं. आमच्या शेठने असं वेळेवर काम करणारा माणूस मिळावा म्हणून किती पाट्या लावल्या असतील.

खाली एक बटण होतं. परवानगी मागा. मी दाबलं. तिथे लिहून आलं, "मालकाला विनंती पाठवली आहे. त्यांनी मान्य केल्यावर तुम्हाला कळवू."

टेबलावर तुमचा मोबाइल पालथा पडला होता. ताईंनी तो उचलला, बघितला आणि परत ठेवला. काही आलं नव्हतं. तुमचं खातंच नाही तर येणार कुठे? पण आम्ही दोघंही थोडा वेळ त्या मोबाइलकडे बघत बसलो होतो, काका, हे खरं आहे. चहा उतू गेला.

त्या एक्केचाळीस फाइलींची नुसती नावं ताईंनी चहाला उठण्याआधीच वहीतल्या एका पानावर लिहिली होती, कोणाच्या वाट्याच्या किती राहिल्या ते बघायला. ते पान मी घडी करून आणलं. बाकीचे आवाज त्यांनी मला तीन ठिकाणी घालून दिले, पेनड्राइव्हसुद्धा. निघताना म्हणाल्या, दर रविवारी नको, पण येत जा. मी खाली उतरून बस स्टॉपवर आलो आणि तिथे मला तुमचा राग आला. एवढं सगळं केलंत माझ्यासाठी आणि एकदाही खडसावून म्हणाला नाहीत की हे असं कायमचं चालणार नाही. पण खडसावलं असतंत तर मी पळून गेलो असतो, हेही तुम्हाला ठाऊक होतं. तुमचं चुकलं असंही म्हणता येत नाही. हीच कटकट आहे.

सोमवारी गाळ्यात नवीन काम आलं. तुमच्या जागी अजून कोणी नाही, म्हणून साचा मागवणाऱ्या पार्टीने स्वतःचंच ड्रॉइंग पाठवलं होतं. लोखंडाची प्लेट मशीनवर बांधली, मापं बघितली, आणि खाली एक चौकट दिसली. चौकटीत गोल, गोलात आडवी-उभी रेघ, पुढे आकडा. खिशातलं पान काढलं. त्यावर तुमचंच दिलेलं नाव होतं, "चौकटीतली चिन्हं, नीट ऐक". एक्केचाळीसपैकी एक. मी ती फाइल कधी ऐकली होती का, तेही आठवेना.

शेजारच्याला विचारता आलं असतं. अंदाजाने कटर लावता आला असता, पूर्वी कधीमधी मी लावलाही असेल. मशीन बंद केलं आणि ड्रॉइंग घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेलो. वाक्य दारातच बोलून टाकलं, आत गेलो असतो तर बोललो नसतो.

"शेठ, मला हे वाचता येत नाही. आकडे सोडले तर ह्याच्यातलं काहीच मला कधी वाचता येत नव्हतं. काका सांगायचे."

शेठने ड्रॉइंग घेतलं. चष्मा वर केला, खाली केला. बराच वेळ बघितलं. मग उठून केबिनचं दार लावलं. मला वाटलं आता हिशेब करून घरी पाठवतात.

"बस," ते म्हणाले. मी बसलो नाही. ते ड्रॉइंग टेबलावर पसरून त्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, "अरे यार, मला कुठे येतं? धंदा बापाचा. तो गेला तेव्हा मी कपड्याच्या दुकानात होतो. पार्टीचा फोन आला की मी सांगायचो, पाच मिनिटांत करतो, आणि बाहेर जाऊन काकांना लावायचो. तुला येतं म्हणून तुझ्यासमोर विचारायची लाज वाटायची."

मी विचारलं, काका माझ्याबद्दल काही बोलले नाहीत कधी?

"नाही. माझ्याबद्दल तुला?"

मी म्हणालो, नाही.

काका, केबिन ते माझं मशीन दहा पावलं. इतकी वर्षं तुम्ही भांडुपला बसूनही ती दहा पावलं चालायचात, तिकडे त्यांना समजावून, इकडे मला समजावून, आणि मधे कुठे एक शब्द सांडला नाहीत. आम्ही दोघं एकमेकांना घाबरत होतो आणि तुम्ही मधून शांतपणे चालत होतात. मला तुमचे आभार मानायचे होते, तेवढ्यात तुम्हाला दोन शिव्याही घालाव्याशा वाटल्या. दोन्ही राहिलं.

शेवटी आम्ही पार्टीलाच फोन लावला, स्पीकरवर, दार बंद करून. शेठ म्हणाले, तुमच्या ड्रॉइंगमधलं एक चिन्ह आम्हाला समजत नाही, जरा सांगा. मला वाटलं तिकडून हसतील. तिकडच्या माणसाने साधेपणाने सांगायला सुरुवात केली, की भोकाचा मध्य ठरलेल्या जागेपासून किती सरकला तर चालेल, ते त्यात लिहिलेलं असतं. मी टेबलावरचं पेन घेतलं आणि ताईंच्या त्या पानावर, तुम्ही त्या फाइलीला दिलेल्या नावासमोर, ऐकत ऐकत लिहायला लागलो.

शेठने फोनवर हात ठेवला आणि माझ्या बाजूला खुर्ची ओढली.

"मोठ्या अक्षरात लिही रे," ते म्हणाले. "मला पण बघायचंय."